जवळच्या नातेवाइकांची संमती

सगळं सभागृह हसलं तेव्हा मीही हसलो. शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसून चांगला खो-खो हसलो. व्यासपीठावर माझी बायको बोलत होती. घरी ती विनोद सांगायला लागली की मधेच स्वतः हसते आणि विनोदाचा विचका करते. इथे मात्र तिनं चेहरा सरळ ठेवला होता आणि लोक पोट धरून हसत होते. ती एका रुग्णाबद्दल सांगत होती. आतड्याला वर्षानुवर्षं सूज असलेला हा माणूस दुखतंय का म्हणून विचारलं की 'छे, मजेत' एवढंच म्हणतो. "म्हणून आम्ही त्याला विचारणंच सोडून दिलं," ती म्हणाली. "हा गृहस्थ दाढी करताना शीळ घालतो. पोट बरं असेल त्या सकाळी शीळ. पोटात आग असेल त्या सकाळी नुसता नळाचा आवाज. कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा ही शीळ भरवशाची निघाली." पुन्हा हशा. काय वल्ली असेल, असं म्हणत मी शेजारच्या बाईंकडे पाहिलं, त्यांनीही हसून मान डोलावली. मग हशा ओसरला आणि माझा हात आपोआप हनुवटीवर गेला. हनुवटी गुळगुळीत होती. आज सकाळी शीळ घातली होती की नाही, ते आठवेना. घातली असणार. हल्ली रोजच घालतो.

मी येणार हे तिला माहीत नव्हतं. 'कंटाळशील रे, नुसत्या तेलालोण्याच्या गप्पा,' असं ती आठवडाभर म्हणत होती आणि मला वाटलं, संकोच असेल. मोठ्या रुग्णालयात ती आहारतज्ज्ञ आहे, पण एवढ्या मोठ्या परिषदेत बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ. म्हटलं, गुपचूप जाऊन बसावं, शेवटी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं टाळ्या वाजवाव्या, मग बाहेर गाठून तिचं तोंड बघावं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बरा शर्ट घातला. आता त्या शर्टाची कॉलर मानेला काचायला लागली होती. शहरात दाढी करताना शीळ घालणारे काय कमी असतील, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो, तोवर पडद्यावर एक चित्र आलं. ओला गुलाबी बोगदा आणि त्याच्या भिंतीवर लाल चट्टे, कुणी नखांनी ओरबाडल्यासारखे. आपलं आतडं जन्मभर आपल्यासोबत असतं, पण समोर आलं तर आपण त्याला ओळख दाखवणार नाही. मीही त्याला ओळखलं नाही. ओळखलं ते पहिल्या रांगेतलं टक्कल. पोटाचे डॉक्टर. मला गुंगी देऊन नळी घालणारे, शुद्धीवर आल्यावर गालावर थोपटणारे माझे डॉक्टर आपली कलाकृती बघितल्यासारखे चित्राकडे पाहत होते. मग शंकेला जागाच उरली नाही.

हे दुखणं माझ्याकडे राहायला आलं त्याला आता बरीच वर्षं झाली. सुरुवातीला पाहुण्यासारखं आलं, दोन दिवस राहून गेलं. मग सामानसुमान घेऊनच आलं. ज्यांना हे नाही त्यांना सांगून कळत नाही आणि ज्यांना आहे त्यांना सांगावं लागत नाही. आपण शहर वेगळंच ओळखायला लागतो. कुठल्या दुकानाच्या मागे शौचालय आहे, कुठल्या बँकेतला शिपाई आत सोडतो, कुठल्या रस्त्यावर अर्धा तास काहीच नाही. लग्नकार्यात मी आधी दार बघतो, मग यजमान. सुरुवातीला याची लाज वाटायची. पुढे लाजही थकली. या सगळ्यात एकच गोष्ट धड होती, ती म्हणजे घरचं जेवण. बायकोनं बाहेरचं सगळं तोडलं आणि स्वयंपाकघर पूर्णपणे आपल्या हातात घेतलं. मला तिथे पाऊल टाकायची बंदी. 'तू फक्त ताटावर बस,' ती म्हणायची. मी बसायचो. सूप, उकडलेले बटाटे, मासा, भाज्या, जे येईल ते मुकाट्यानं खायचो, आणि मनात म्हणायचो, आपण नशीबवान. रुग्णालयात शंभर माणसांचा आहार बघून आलेली बाई पुन्हा ओट्याशी उभी राहते, ती आपल्यासाठी. थोरली बहीण फोनवर विचारायची, खाण्यापिण्याचं कसं रे तुझं? मी म्हणायचो, ताई, त्या बाबतीत मी डोळे मिटून आहे.

"स्निग्ध पदार्थ आतड्याला थेट भाजत नाहीत," ती सांगत होती. आवाज स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. दुधावर साय धरते तसा आतड्याच्या आतून एक चिकट थर असतो, तो भिंतीला जपतो. आपण कुठली चरबी खातो त्यावर पित्त किती सुटतं, आत राहणाऱ्या जंतूंपैकी कुणाचं फावतं आणि कुणाची उपासमार होते, हे बरंचसं ठरतं. काही जंतू माजले की साय विरते, भिंत उघडी पडते, आणि शरीर स्वतःच्याच घरात चोर शिरल्यासारखं आरडाओरडा करत सुटतं. त्या आरडाओरड्याला आपण दाह म्हणतो. सगळ्यांच्या बाबतीत असंच होतं असं नाही, ती म्हणाली, उंदरांत दिसतं ते माणसांत दिसेलच असंही नाही. म्हणून तिनं एकच माणूस घेतला. घरीच जेवणारा, एकाच हातचं खाणारा. काही महिने त्याच्या जेवणात लोणी आणि पामतेल. मग काही महिने ते काढून जवस, ऑलिव्ह आणि तेलकट मासे. बाकी सगळं तेच. रुग्णाला पत्ता लागू द्यायचा नाही, कारण पत्ता लागला की डोकं पोटाला जाऊन सांगतं. "आणि चव?" तिनंच विचारलं, आणि तिनंच उत्तर दिलं. "भाजलेलं जिरं. जिऱ्याखाली सगळं लपतं." माझ्या पुढच्या रांगेतल्या तरुणानं ते लिहून घेतलं. मला जिरं आवडतं. सगळ्यात आधी सूपवर तरंगणारं ते भाजलेलं जिरं आलं तेव्हा मी तिला म्हणालो होतो, तुला बरं आठवलं गं माझं. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. हं, म्हणाली.

इथवर मी कसाबसा सावरलो होतो. सांगितलं नाही, ठीक आहे. माझ्या भल्यासाठी तेल बदललं, गुण आला, आणि त्याचं चार लोकांत भाषण केलं. राग येईल, पण गिळता येईल. बायको हुशार आहे हे काही मला नव्यानं कळत नव्हतं. मग पडद्यावर दुसरं चित्र आलं. तोच बोगदा, पण चट्टे फिकट, भिंत जवळजवळ नितळ. लोकांत कुजबुज झाली. ती थांबली, पाण्याचा घोट घेतला. "पण एकदा बरं वाटणं हा योगायोग असू शकतो," ती म्हणाली. "ऋतू बदलला असेल. कामात मन रमलं असेल. पुरावा म्हणायचा तर एकच वाट. आम्ही रुग्णाला पुन्हा पहिल्या चरबीवर नेलं. आणि पाहा." मी पाहिलं. लाल. पहिल्यापेक्षाही लाल. सभागृहात कुणीतरी 'वा' म्हणालं. आतडं बिघडल्याबद्दल दाद द्यायची पद्धत असते हे मला माहीत नव्हतं.

कामात मन रमलं असेल. रमलं होतंच. ते बरे महिने म्हणजे पुलाचे महिने. मी मोजणीचं काम करतो. तिपाईवर दुर्बीण लावून रेषा सरळ आहे का, खांब ओळंब्यात आहे का, ते बघायचं. वीस वर्षं नाले, कुंपणं आणि भांडणाऱ्या शेजाऱ्यांच्या भिंती मोजल्यावर पहिल्यांदा एक खरंखुरं काम हाती आलं होतं. रुंद नदीवरचा पूल आणि मोजणीचा प्रमुख मी. पाण्याच्या मधोमध खांब उभे राहत होते. सकाळी होडी आम्हाला तिकडे सोडायची ती दुपारनंतरच न्यायला यायची. आजारी पोटाचा माणूस असली नोकरी स्वप्नातही घेणार नाही. पण तेव्हा मी बरा होतो. पायाखाली लोखंडी फळ्या, त्यांच्या फटींतून दिसणारं पाणी, आणि दुर्बिणीत पलीकडच्या काठावर लंबू पट्टी धरून उभा. लंबू म्हणजे माझा मदतनीस, ताडमाड उंच, म्हणून लंबू. मी हात हलवला की तो पट्टी केसभर सरकवायचा. इतकं सुख मला कुठल्याच कामात मिळालं नव्हतं. घरी येऊन मी टेबलावर चमचे उभे करून तिला खांब दाखवायचो. ती हनुवटी तळहातावर ठेवून ऐकायची. ऐकता ऐकता ती काय ठरवत होती ते आज कळलं.

मग पोटानं दगा दिला. असंच म्हणत आलो मी आजवर, पोटानं दगा दिला. एका सकाळी होडीतच कळ आली. दुसऱ्या आठवड्यात फळ्यांवर, चार माणसांसमोर, जे व्हायला नको ते झालं. लंबूनं आपलं जाकीट माझ्या कमरेला बांधलं आणि एक अक्षर बोलला नाही. त्याचं ते न बोलणंच मला जास्त लागलं. मी घरी आलो आणि कपाळ बडवून घेतलं, कारण मला वाटलं, मीच केलं. कधीतरी काठावरच्या गाडीवर सगळ्यांबरोबर एक तळलेला वडा खाल्ला होता. एकच. तो गुन्हा मी बायकोजवळ रडत कबूल केला, पुन्हा करणार नाही म्हणून तिची माफी मागितली. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "असू दे," म्हणाली, "एका वड्यानं काय होतंय." वर्षभर मी ते वाक्य तिच्या मोठ्या मनाचा दाखला म्हणून जपून ठेवलं होतं. तिला शब्दशः तेच म्हणायचं होतं. तिला माहीतच होतं, वड्यानं काही झालेलं नाही. तिनं सूप केलं, मी प्यालो. डॉक्टरांनी विचारलं, जेवणात काही बदल? मी म्हणालो, शपथेवर सांगतो, नाही. आमच्याकडे सगळं हीच बघते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं होतं का? मला आठवत नाही. आठवलं असतं तर बरं झालं असतं, त्या डॉक्टरच्या टकलावर निदान मनातल्या मनात एक टप्पल मारता आली असती. शेवटी एका रविवारी मी साहेबांना पत्र लिहायला बसलो की प्रकृतीच्या कारणानं मला पुलावरून मोकळं करा. ती समोर बसून शेंगा सोलत होती. 'मोकळं करा की मुक्त करा?' मी विचारलं. ती म्हणाली, "मोकळं बरं वाटतं." माझी जागा लंबूला मिळाली. पूल आता जवळपास झालाय. मी पुन्हा भिंती मोजतो.

पडद्यावर शेवटचं चित्र होतं, पुन्हा नितळ, पहिल्या नितळापेक्षाही नितळ. ती म्हणत होती की एका माणसावरून जगाचा नियम काढता येत नाही, पण या एका माणसापुरती तरी आता शंका उरलेली नाही. आतडं कापायची वेळ आली होती, ती टळली. टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या की नाही? हात मांडीवर होते, एवढं आठवतं. प्रश्न विचारायला एक म्हाताऱ्या बाई उभ्या राहिल्या, पांढरे आखूड केस, हातात काठी. "रुग्णाला पत्ता लागू द्यायचा नाही हे समजलं," त्या म्हणाल्या. "पण मुळात आपल्यावर प्रयोग चाललाय, हे तरी त्याला माहीत होतं का?" खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, आता ती बोलेल. सगळ्यांसमोर ती नाही म्हणेल, चूक झाली म्हणेल, आणि मी खांबाआडून उठून तिला घरी घेऊन जाईन. ती अजिबात थांबली नाही. "जवळच्या नातेवाइकांची संमती घेतली होती," ती म्हणाली. बाईंनी मान हलवली आणि त्या खाली बसल्या. माझे जवळचे नातेवाईक कोण? आईवडील गेले. ताई दुसऱ्या शहरात, तिला यातलं ढिम्म माहीत नाही. एकच उरलं. स्वतःच विचारलं, स्वतःच हो म्हणाली. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची, असं म्हणतात. इथे तर कुंपण व्यासपीठावर उभं राहून टाळ्या घेत होतं. दिवे लागायच्या आत मी उठलो.

बाहेर लख्ख ऊन होतं. मी चालत सुटलो, कुठे ते ठरवलं नव्हतं. औषधांचं दुकान, काचेच्या दारांची कार्यालयं, मोठं चौकोनी मैदान, फुटपाथ उकरून ठेवलेला एक लांबच लांब रस्ता. बराच वेळ गेल्यावर ध्यानात आलं की या रस्त्यावर शौचालय नाही आणि मी त्याचा विचारही केलेला नाही. पोट गप्प होतं. एवढा धक्का पूर्वी बसला असता तर मी पहिल्या वळणावरच मोडून पडलो असतो. आता आतडं आरामात आपलं काम करत होतं, जणू त्याचा माझा काही संबंध नाही. त्याचा मला मनस्वी राग आला. निदान आज तरी कळ यायला हवी होती. निदान यानं तरी माझी बाजू घ्यायला हवी होती. पण ते फितूर होतं; तिनं बिघडवलं तेव्हा बिघडलं, बरं केलं तेव्हा बरं झालं, दोन्ही वेळा तिच्या बाजूनं साक्ष दिली. एका हॉटेलासमोर थांबलो. आत माणसं जेवत होती. भूक सणसणून लागली होती. फळ्यावर पदार्थांची नावं लिहिली होती. मी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि लक्षात आलं, यातलं आपल्याला काय चालतं ते आपल्याला माहीतच नाही. चाळिशी उलटलेला माणूस मी, हॉटेलच्या दारात उभा राहून रडलो. दारातल्या माणसानं विचारलं, "किती जण?" मी म्हणालो, "कुणी नाही," आणि घरचा रस्ता धरला.

ती माझ्याआधी पोचली होती. अंगावरची भाषणाची साडी तशीच होती आणि ती ओट्याशी उभी होती. मी खुर्चीत बसलो. तिनं वळून पाहिलं नाही.

"दिवे लागले तेव्हा तू दारातून बाहेर पडताना दिसलास," ती म्हणाली.

"छान बोललीस."

"असं नको ना बोलू. ओरड हवं तर."

मला ओरडायचं होतं. सबंध वाटभर मी जुळवाजुळव करत आलो होतो. समोर आल्यावर त्यातलं एकही वाक्य कामाचं वाटेना. "मी ज्या दिवशी साहेबांना पत्र लिहिलं," मी म्हणालो, "त्या दिवशी तू समोर बसली होतीस."

"हो."

"तेव्हाही लोणीच चालू होतं."

"हो." आता ती वळली. डोळे सुजलेले होते. "सांगणार होते रे. शेंगा सोलताना सारखं तोंडावर येत होतं. खरंच."

"मग?"

"एकच आठवडा उरला होता."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्या टप्प्याचा एक आठवडा.

"मधेच मोडलं असतं तर सगळं फुकट गेलं असतं," ती घाईघाईनं सांगू लागली. "पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं. तुलाच पुन्हा त्यातून जावं लागलं असतं. डॉक्टर हातभर आतडं कापायला निघाले होते, विसरलास? मला खात्री हवी होती. अंदाजावर तुला कसं ठेवू मी?" ती समोर येऊन बसली. "आणि मी काही वेगळं जेवत नव्हते. तुला जे वाढलं तेच मी खाल्लं. एकाच पातेल्यातलं. प्रत्येक दिवशी."

"तुला काय झालं?"

ती ताटली घ्यायला उठली.

"सांग ना. तेच खाऊन तुला काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली.

तिनं सूप वाढलं. नेहमीच्याच खोल ताटलीत, नेहमीच्याच जागी. वाफ माझ्या तोंडावर आली आणि तोंडाला पाणी सुटलं. तिच्याबद्दल एक गोष्ट मला ठाऊक होती: सरळ विचारलं तर ती खोटं बोलत नाही. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. डोळे मिटलेल्या माणसाला विचारायचं सुचत नाही.

"आता काही चालू आहे का?" मी विचारलं.

"नाही. संपलं सगळं. आता जन्मभर हेच, ज्यानं तुला बरं वाटतं ते."

मी चमचा हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. "आणि चालू असतं," मी म्हणालो, "तर आत्ता तू काय म्हणाली असतीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती चिडेल, किंवा माझा हात धरेल. तिनं तसलं काही केलं नाही. प्रश्नाचा नीट विचार केला, जसा ती सगळ्याच प्रश्नांचा करते.

"नाही, असंच म्हणाले असते," ती म्हणाली.

सूप गार होत होतं. भूक लागली होती, आणि या पोटाला काय चालतं ते तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मी चमचा उचलला.